साठ चौक्यांच्या कार्डांची हकीकत

श्री शारदेस वंदन करून, जैसे घडले तैसे लिहिले. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, श्रावण वद्य पंचमी. ते समयी राज्यात नदीकाठी साठ चौक्या होत्या आणि दर चौकीत पाणी मोजणारा लहान संगणक होता. पाणी चढले म्हणजे तो भोंगा वाजवी आणि गाव सावध होई. मग आदले सायंकाळी चुकीची आज्ञावली चढून साठही संगणक मुके जाहले, आणि धरण तो काठोकाठ भरलेले. तिसरे प्रहरी दरवाजे उघडणे प्राप्त.

यंत्रशाळेच्या मुख्य सगुणाबाई पेडणेकर. सूर्योदयी त्या शुद्ध आज्ञावली उतरविण्यास साठ मेमरी कार्डे घेऊन बसल्या, आणि लिहिण्याचे यंत्र एकच, एका कार्डास अर्धा तास, म्हणजे साठांस तीस तास. दरवाजे तो तिसरे प्रहरी उघडणार. मग मूळ प्रत उघडून पाहिली, तो स्मृतीच्या आठ घरांत एकच भरलेले, बाकी सारी रिकामी. बाई मनी हर्षल्या. भरल्या घरांचा नकाशा काढिला आणि तेवढीच लिहावयाची ठरविली.

दिवाण त्र्यंबकराव जुने, सावध गृहस्थ. म्हणाले, "बाई, सोडलेल्या घरांनी ऐन पुरात दगा दिला तर?"

बाई म्हणाल्या, "सरकार, कोऱ्या पानावर कोरेपण उतरवीत बसण्यात कसली खबरदारी? भरले घर एकही सोडीत नाही, आणि लिहिले ते मुळाशी ताडून पाहते. पहिले आपल्यासमोर चालविते."

चार मिनिटांत कार्ड सिद्ध जाहले, संगणकात घातले, आणि भोंगा ऐसा वाजला की दिवाणजींची पगडी कलली. मग हुकूम जाहला, "चालू द्या!"

मग कार्डामागून कार्ड निघो लागले. सतराव्याचा ताळा चुकला. दिवाणजी घाईने म्हणाले, "एकच तर आहे, जाऊ द्या."

"एक कार्ड म्हणजे एक गाव, सरकार," ऐसे बोलून बाईंनी ते बाजूस टाकिले आणि जादा ठेविलेले दुसरे लिहिले.

मध्यान्हापूर्वी साठही कार्डे घेऊन जीपगाड्या काठाकाठाने सुटल्या आणि दरवाजे उघडावयास घटकाभर वेळ उरला असता शेवटची चौकी बोलू लागली. मग पाणी सुटले, साठही भोंगे वाजले, आणि लोक गुरेढोरे, म्हातारेकोतारे घेऊन टेकाडांवर चढले.

एकूण तात्पर्य: घरे तेवीस वाहिली, उभे पीक बहुत गेले, मनुष्य एकही गेले नाही. दिवाणजींनी बाईंस भरदरबारी शालजोडी दिधली. बाईंनी ती खांद्यावर घेतली आणि साठ कार्डे आणखी मागितली, राखीव म्हणोन. दिधली. इति.