तिसऱ्या गिअरचा मान

या बाळांनो, पुढे सरका, गोणीला टेकून बसलात तरी चालेल. गोष्ट सांगण्याआधी मला एवढं सांगा. गाडी जागची हलत नसेल, तर भरवसा कुणावर ठेवायचा? गाडीत बसलेल्यावर, गाडी हाकणाऱ्यावर, की गाडी ओढणाऱ्यावर? लगेच नका बोलू. दुकानात घाईनं बोललेला भाव आणि गोष्टीत घाईनं दिलेलं उत्तर, दोन्ही मागाहून महागात पडतात.

तर एका जंगलात वाघाकडे गाडी होती.

जंगलाचं नाव काजळदरा. वाघाचं नाव पट्टेराव महाराज. गाडी त्यांनी एका फिरत्या सायाळशेठकडून घेतली होती. तिला इंजिन नव्हतं. बॉनेटखाली लिंबाजी नावाचं अस्वल बसायचं आणि पायडल मारायचं. टाकी मधाची होती. ती भरली की लिंबाजी खूश, आणि लिंबाजी खूश की गाडी चालू.

गाडी हाकायला म्हाळू नावाचा तरस ठेवला होता. तरसाचं तोंड जन्मापासून हसरं असतं. त्यामुळे म्हाळू कितीही घाबरला तरी कुणाला कळायचं नाही. राजाच्या ड्रायव्हरला हा गुण फार उपयोगी पडतो.

गाडी ताब्यात देताना सायाळशेठनं सगळं नीट समजावलं होतं. पायडल आणि चाकं यांच्यामध्ये दात्यांच्या चकत्या आहेत, त्यांच्या तीन जोड्या आहेत, म्हणजे तीन गिअर. पहिल्यात अस्वलाचे पाय भराभर फिरतील आणि चाक हळू फिरेल. पण जोर असा येईल की गाडी जागेवरून चटकन उठेल आणि उभा चढ चढेल. तिसऱ्यात उलटं. पायडलाच्या एका फेऱ्यात चाकाचे कितीतरी फेरे होतील आणि गाडी सुसाट जाईल. पण ती आधी धावती हवी. उभ्या गाडीला तिसरा घातला, तर अस्वलाला पायडल रेटणार नाही. दुसरा या दोघांच्या मधला.

बाळांनो, हे अगदी सोपं आहे. धान्य माळ्यावर चढवायचं आहे असं समजा. पिशवी पिशवी करून नेलंत, तर खेपा पुष्कळ होतात, पण कंबर शाबूत राहते. अख्खं पोतं एका खेपेत न्यायचं म्हटलंत, तर काम झटकन होतं, पण मुळात पोतं उचललं तर. अंगातलं बळ तेवढंच असतं. पहिला गिअर पिशव्यांचा, तिसरा पोत्याचा. आमच्याकडे एक हमाल होता, तो पहिल्याच दिवशी पोत्याला हात घालून खाली बसला, तो आजतागायत बसूनच गिऱ्हाइकांना रामराम करतो.

सायाळशेठ हे सगळं सांगत होता तेव्हा ऐकत फक्त म्हाळू होता, तोही अर्धाच. बाकी दरबार गाडीवर फुकट मिळालेला पंखा बघत होता. गिऱ्हाइकाचं असंच असतं.

दरबारात मानपान बघायला एक बगळा होता. कोण कुठे बसेल, कोण आधी जांभई देईल, हे सगळं तो ठरवायचा. त्यानं सायाळशेठला एकच प्रश्न विचारला.

"तिघांत वेगवान कोणता?"

"तिसरा. पण साहेब, तो उभ्या गाडीला..."

"पुरे. कळलं."

दुसऱ्याच दिवशी बगळ्यानं फर्मान काढलं. तिसरा गिअर फक्त महाराजांचा. महाराज आसनावर असताना खालचा गिअर घालणं म्हणजे महाराजांना खाली उतरवणं. दुसरा गिअर सेनापती गव्याचा. राहिला पहिला. तो काढून टाकता येत नव्हता, म्हणून तो उंदरांना दिला. बाकीच्या जंगलानं पायी चालावं.

महाराज गाडीत बसले. म्हाळूनं तिसरा घातला. लिंबाजीनं पायडलावर पाय रोवले, दात आवळले, मान फुगवली. गाडी तसूभर हलली नाही.

म्हाळू मनातून पार घाबरला. चेहरा हसतच होता.

बगळ्यानं मात्र आधीच विचार करून ठेवला होता. त्यानं माकडांना इशारा केला. माकडांनी मोठमोठ्या फांद्या खांद्यावर घेतल्या आणि गाडीच्या दोन्ही बाजूंनी पुढून मागे पळायला सुरुवात केली. मागे पोचली की वळसा घालून परत पुढे. गाडीवरचा पंखा महाराजांच्या मिशांवर वारा घालत होता.

महाराजांनी खिडकीतून पाहिलं. झाडं सपासप मागे जात होती.

"वा. काय वेग आहे, आणि पोटातलं पाणी हलत नाही," महाराज म्हणाले.

तेव्हापासून दरबारात झाडं पळवण्याचं वेगळं खातंच निघालं. महाराज रोज संध्याकाळी फेरी मारायचे. उतरायचे तिथेच, जिथे बसलेले असायचे. बगळा सांगायचा की आपण सबंध राज्य फिरून परत आलो. राज्य गोल आहे, एवढंच महाराजांच्या लक्षात आलं होतं.

गाडी खरी चालायची ती गोजरबाईसाठी. ही उंदरांची म्होरकी. टेकडीवरच्या बिळात दाणे न्यायला ती गाडी मागायची. पहिल्या गिअरात गाडी टुणकन उठायची आणि खुरखुर करत टेकडी चढायची. सपाटीला आल्यावर मात्र लिंबाजीच्या पायांची भिंगरी व्हायची आणि गाडी कासवाच्या बरोबरीनं जायची. कासव वळून विचारायचं, बरंय ना?

"म्हाळूभाऊ, इथं दुसरा टाका की," गोजरबाई म्हणायची.

"दुसरा गव्यांचा आहे बाई."

"मग गवा बसवा माझ्या मांडीवर."

असं सगळं सुखात चाललं होतं. मग उन्हाळा आला आणि काजळदऱ्याचे झरे आटले.

पाणी उरलं फक्त कमळडोहात. तो डोह खिंडीपलीकडे, माळाच्या टोकाला. त्यावर शेजारच्या हिवरबनाचाही हक्क. तिथला राजा ठिपकोजी बिबट्या. त्याच्याकडेही सायाळशेठनं तशीच गाडी खपवली होती, तसंच अस्वल घालून. दोन्ही राजांनी करार केला. दोन्ही गाड्या खिंडीच्या पायथ्यापासून एकदम सोडायच्या. गाडीतून आलेला जो कुणी डोहाचं पाणी आधी पिईल, त्याचा डोहावर उन्हाळाभर हुकूम.

शर्यतीच्या आदल्या दिवशी महाराजांनी म्हाळूला बोलावलं आणि मायेनं त्याच्या पाठीवर पंजा ठेवला.

"जिंकणार तर आपण आहोतच, म्हाळू. पण चुकून हरलो, तर परतीच्या वाटेवर शिदोरी लागेल. ती तू."

म्हाळू हसला. दुसरं काही त्याला येतच नव्हतं.

तो तडक बगळ्याकडे गेला. त्यानं हात जोडून सांगितलं की साहेब, निघताना आणि खिंड चढताना पहिला घालू द्या, मग दुसरा, मग माळावर तिसरा, एवढ्यानं माझा जीव वाचेल. बगळ्यानं एक पाय वर घेतला. तो विचार करताना तसंच करायचा. मग म्हणाला की तुझा जीव हा तुझा खाजगी विषय आहे. महाराज आसनावर असताना तिसऱ्याखाली काही नाही.

"आणि महाराज आसनावर नसले तर?"

"तर जो असेल त्याचा मान."

"आणि सामान, साहेब? मागच्या टोपलीत सामान असतं. त्याचा गिअर कुठला?"

बगळ्यानं वर घेतलेला पाय खाली ठेवला. "सामानाला कसला आलाय मान?"

म्हाळूनं हे बरोबर लक्षात ठेवलं.

शर्यतीच्या दिवशी सगळं जंगल खिंडीच्या पायथ्याशी जमलं. ढोल वाजला. ठिपकोजीची गाडी टुणकन उठली आणि खिंडीच्या वाटेला लागली. त्याचं असं होतं की हिवरबनात मानपान बघायला एक तुरेवाला हुदहुद पक्षी होता, आणि त्याच्या मते पहिला म्हणजे सगळ्यांत वरचा. पहिला नंबर, पहिली पंगत, तसाच पहिला गिअर. म्हणून त्यांचा राजा कायम पहिल्यातच.

इकडे पट्टेराव महाराज आसनावर. तिसरा घातलेला. लिंबाजीचे डोळे बाहेर आलेले. गाडी आहे तिथेच, आणि दोन्ही बाजूंनी माकडं फांद्या घेऊन जीव तोडून पळतायत.

"ठिपकोजी दिसत नाही तो?" महाराजांनी विचारलं.

"मागे पडला, महाराज," बगळा म्हणाला.

ठिपकोजी तोवर खिंडीच्या अर्ध्यावर पोचला होता. म्हाळूला परतीची वाट दिसू लागली. त्यानं मागे वळून अदबीनं सांगितलं, "महाराज, वेग फारच झाला. आता आसनावर बसणं धोक्याचं आहे. मागच्या टोपलीत गादी घातली आहे. तिथं पडून राहावं."

महाराज खूश झाले. आपण इतके वेगवान आहोत की आपल्यालाच धोका आहे, हे ऐकून कुठला राजा खूश होणार नाही? ते टोपलीत जाऊन आडवे झाले. म्हाळूनं वरून घोंगडी टाकली आणि बगळ्याला सांगितलं, सामान. बगळा करतो काय? शब्द त्याचाच होता.

लगेच, आदल्या रात्री म्हाळूशी ठरल्याप्रमाणे, गोजरबाई आसनावर चढून बसली. म्हाळूनं पहिला घातला. लिंबाजीनं असा श्वास सोडला की बॉनेट उडालं. गाडी उठली. माकडं आणि फांद्या मागे राहिल्या.

घोंगडी जरा वर करून महाराज म्हणाले, "म्हाळ्या, गाडी हळू का केलीस? झाडं नेहमीसारखी पळत नाहीत."

"चढ आहे, महाराज."

"हा उंदरांचा वेग झाला," महाराज पुटपुटले, आणि झोपी गेले.

खिंडीच्या माथ्यावर ठरल्याप्रमाणे सेनापती गवा उभा होता. गोजरबाई उतरून टोपलीत शिरली. वाघाच्या शेजारी बसायचं म्हणजे भीतीच. पण सामानाला मान नसतो, तशी भीतीही नसावी, असं तिनं स्वतःला समजावलं. गवा आसनावर बसला. गाडीनं कमरेत वाकून रामराम केला. म्हाळूनं दुसरा घातला, उतार लागला, आणि गाडी धडधडत माळावर आली.

समोर ठिपकोजीची गाडी दिसत होती. आतल्या अस्वलाचे पाय इतके फिरत होते की ते दिसेनासे झाले होते. आवाज वादळाचा, चाल कासवाची. हुदहुद ओरडून सांगत होता, अजून जोरात पाय मार. पाय जोरातच होते. चाकच हळू फिरत होतं.

पण ठिपकोजी डोहाजवळ पोचत आला होता, आणि म्हाळूचा दुसरा गिअर संपला होता. लिंबाजीला याहून भराभर पाय मारता येईनात. आता तिसरा हवा, म्हणजे आसनावर महाराज हवेत. महाराज घोरत होते.

"बाई, महाराजांना उठवा," म्हाळू म्हणाला.

"मी? तुम्ही का नाही?"

"माझे हात गुंतलेत."

"आणि माझे काय टोपलीत मोकळे आहेत?"

"बाई, परतीची शिदोरी मी आहे."

गोजरबाईनं त्याच्या हसऱ्या तोंडाकडे पाहिलं. तिला पहिल्यांदा कळलं की ते हसू नव्हे. तिनं डोळे मिटले आणि महाराजांच्या शेपटीचा कडकडून चावा घेतला.

महाराज डरकाळी फोडून उडाले ते थेट आसनावर. गवा दुसऱ्या दारानं बाहेर गेला. म्हाळूनं तिसरा घातला. गाडी धावती होती, गव्याचं ओझं उतरलं होतं, माळ सपाट होता. लिंबाजीनं शांतपणे एक पायडल मारलं आणि चाकं भिरभिरली. लिंबाजीनं दुसरं मारलं. ठिपकोजीची गाडी मागे गेली. खरोखरची मागे गेली.

"हं," महाराज शेपटी चाटत म्हणाले. "आता कुठे नेहमीची चाल आली."

डोह समोर आला. म्हाळूनं विचारलं की महाराज, थांबू ना? कारण महाराजांची गाडी थांबवायचा हुकूम महाराजांचा.

"इतक्यात? आता तर रंगात आलंय. पाणी येताना पिऊ."

गाडी डोहाच्या काठावरून सुसाट गेली. एका धोंड्यावर चाक उसळलं आणि मागची टोपली डोहात पडली. गोजरबाईच्या नाकातोंडात पाणी गेलं. तिनं दोन घोट गिळले.

बाळांनो, करार आठवा. ठिपकोजी येऊन पाण्यावर वाकला तेव्हा काठावर ओलीचिंब उंदरीण मिशा पिळत बसली होती. दोन्ही जंगलांत डोहावर हुकूम आता तिचा होता. तिनं सांगितलं, रांगेत या.

आणि महाराज? डोहापुढे थोडा चढ होता. तिसऱ्या गिअरातली गाडी चढावर मंद झाली, आणखी मंद झाली, आणि थांबली. आता ती उठायची कशी? पहिला उंदरांचा. गोजरबाई डोहावर कामात. महाराज उतरायला तयार नाहीत. खालचा गिअर घालायला मागून उडत आलेला बगळा तयार नाही.

धापा टाकत माकडं येऊन पोचली. बगळ्यानं इशारा केला. फांद्या पळू लागल्या.

गाडी अजून तिथेच आहे. म्हाळू हात स्टिअरिंगवर ठेवून बसलेला असतो. गोजरबाई रोज द्रोणभर पाणी पाठवते. म्हाळू सांगतो, महाराज, वाटेत एक झरा लागला.

"अजून किती लांब, म्हाळ्या?"

"पोचतोच आहोत, महाराज."

जोवर पोचत नाहीत, तोवर परतीची वाट नाही. परतीची वाट नाही, तर शिदोरी नाही. म्हाळू हसतो. हल्ली ते हसूच असतं.

तात्पर्य: गाडी पुढे न्यायची असेल, तर खालच्या गिअरपासून सुरुवात करावी. नोकरी पुढे न्यायची असेल, तर मालकाला वरच्या गिअरात बसवावं आणि झाडं पळवावीत.

आणि जाता जाता एक विनंती, बाळांनो. गाडी किती चालली आणि झाडं किती पळाली, हे दोन हिशेब वेगवेगळे ठेवा. आणि कुणी बघत नसतानाही प्रामाणिकपणे ठेवा.