केणे सरांचा उजवा पीळ

कुठल्याही बोर्डावर डीएनएचं चित्र दिसलं की केणे सर स्कूटर थांबवतात. मागे मी बसलेलो असतो आणि माझ्या मागे भरधाव कंटेनर. कशेळीला एका दवाखान्याच्या बोर्डापायी आम्हा दोघांच्या फोटोंना हार चढायची वेळ आली होती. सर मात्र मान वर करून पीळ तपासत होते.

आम्ही एकाच ज्युनिअर कॉलेजात शिकवतो. ते जीवशास्त्र, मी मराठी. शिवाय शेजारी, त्यामुळे सुटका नाही. डीएनएची शिडी म्हणे उजवीकडे पिळलेली असते, स्क्रू घट्ट करताना फिरतो तशी. निम्मे पेंटर ती डावी काढतात आणि सर आत शिरून सांगतात, "पीळ चुकलाय तुमचा." एका पेंटरने मोबाईलवर शोधून उलट ऐकवलं, "सर, डावा पण असतो ना?"

सर खुलले. "हाय ना. त्याला झेड म्हणतात. पण तो खूप खारट पाण्यात होतो, नि अंगानं वाकडातिकडा. सुकवलास तर बुटका नि जाडा होतो, तो ए. तू काढलायस तो यातला कुठलाच न्हाय."

परवा अंजूरफाट्याच्या लॅबमध्ये मात्र गंमत नव्हती. सरांची मुलगी प्राची गरोदर आहे. तिच्या रक्तात थॅलेसेमियाचा दोष आहे, हे आत्ताच तपासणीत कळलं. आईबापांपैकी एकातच असला तर चालून जातं. जावयातही निघाला तर बाळाच्या जिवाला धोका. जावई ड्युटीवर, म्हणून त्याचा रिपोर्ट घ्यायला आम्ही आलो होतो. एसी चालू असूनही सरांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

काउंटरवरच्या मुलीने नाव पुकारलं आणि पाकीट पुढे केलं. सर उठले, पण पाकिटाला हात न लावता काचेच्या दारावरच्या स्टिकरकडे वळले. "हा पीळ डावा हाय. एवढी मोठी लॅब नि पीळ कळत न्हाय? मग रिपोर्टवर इस्वास कसा ठेवायचा?" सगळे वळून बघायला लागले. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"सर," ती मुलगी म्हणाली, "तुम्ही आतून बघताय. बाहेरून उजवाच आहे."

आम्ही त्याच दारातून आत आलो होतो. भिवंडीतला एकही पीळ न सोडणारा हा माणूस त्या चित्राकडे न बघता आत आला होता.

सर बाहेर गेले ते परत येईनात. काचेतून पायरीवर बसलेल्या सरांची पाठ दिसत होती. मग मीच पाकीट फोडलं. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. मुलीने एका ओळीवर बोट ठेवलं. "नॉर्मल आहे. दोष नाही."

"जावई निर्दोष सुटले," मी बाहेर जाऊन म्हणालो.

सर रस्त्याकडेच बघत राहिले. "प्राचीच्या आधी एक मुलगा होता आम्हाला," ते म्हणाले. "दर महिन्याला रक्त चढवायला ठाण्याला न्यायचो. शाळेत जायला लागला, नि गेला. आमच्या लग्नाआधी दोघांचं रक्त तपासा, असं कुणी सांगितलंच न्हाय. नि मी तवा जीवशास्त्रच शिकवत होतो."

इतक्या वर्षांचा शेजार, पण हे मला ठाऊक नव्हतं. फार वाईट वाटलं.

सरांनी प्राचीला फोन लावला. तिने लगेच उचलला. "पप्पा? काय आलं? पप्पा, बोला ना."

"जेवलीस का गो?" एवढंच म्हणाले, आणि सरांना रडू फुटलं. पलीकडे पोरीने त्या रडण्याचा भलता अर्थ लावायच्या आत मी फोन ओढून घेतला.