सासरेबुवांचं थेट प्रक्षेपण

स्टेजची भीती म्हणजे काय ते मला ठाऊकच नाही! वेबसाइटवाल्यांची मोठी परिषद, समोर खच्चून भरलेला हॉल, आणि बोलणार कोण? तर अस्मादिक! आधीचा आठवडाभर मी ऑफिसात असा वावरत होतो, जणू इंटरनेटच्या बारशाला मी जेवून आलो होतो. आमच्या साहेबांनी तर सांगूनच टाकलं होतं, "भाषण गाजलं तर नवी टीम तुझ्या हाताखाली. मी पहिल्या रांगेत बसतो."

विषय होता, ‘ब्राउझरमधून घर चालवा!’ त्यासाठी मी एक वेबपान बनवलं होतं. त्यावर तीन बटणं : दिवा, पंखा आणि दारावरची बेल. खाली एक चौकट. तिच्यात काहीही लिहा, घरातला स्पीकर ते खणखणीत आवाजात वाचून दाखवणार! आणि हे सगळं हॉलमधल्या पडद्यावर दिसावं, ऐकू यावं म्हणून मी घरी पुस्तकांच्या कपाटावर कॅमेरा बसवला होता.

"सकाळी घरात कुणी नसेल ना?" मी बायकोला विचारलं.

"मी ऑफिसात. बाबा मित्राकडे जाणार आहेत."

बाबा म्हणजे माझे सासरे, सध्या आमच्याकडे राहायला आलेले. निवृत्त मुख्याध्यापक. बोलणं मोजकं, पण नजर अशी, की उतू चाललेलं दूधसुद्धा मुकाट्याने पातेल्यात परत जाईल.

भाषण झकास सुरू झालं. मी बटण दाबलं, पडद्यावर आमच्या बैठकीच्या खोलीतला दिवा लागला. टाळ्या! पंखा फिरला. आणखी टाळ्या! साहेबांनी चक्क अंगठा वर केला. इथेच मी थांबायला हवं होतं. पण टाळ्या अशा अंगात भिनतात म्हणून सांगू!

"आता तुम्हीच चालवा माझं घर!" मी ओरडलो आणि पानाचा पत्ता पडद्यावर झळकवला. "नाव नको, पासवर्ड नको. सगळ्यांनी एकदम दाबा!"

परिषदेच्या आयोजक बाई विंगेतून हळूच म्हणाल्या, "अहो, सगळ्यांनी एकदम?"

"बाई, माझी सिस्टिम आहे ती!"

पुढच्या क्षणी आमची बैठकीची खोली पिसाळली. दिवा उघडझाप करू लागला, पंखा उचकी लागल्यासारखा थांबतोय काय, सुटतोय काय! आणि बेल? बेल तर अशी वाजत होती, जणू सगळ्या गावातले पाहुणे एकाच दारात उभे आहेत.

आणि पडद्यावर सासरेबुवा अवतरले.

बनियन. खांद्यावर टॉवेल. अर्ध्या गालावर साबणाचा फेस, हातात दाढीचं रेझर. मित्राला सर्दी झाली म्हणून बेत रद्द झाल्याचं मला कुणी कळवलंच नव्हतं!

त्यांनी दार उघडलं. बाहेर कुणी नाही. दार लावलं. टिंगटाँग! पुन्हा उघडलं. पुन्हा कुणी नाही. मग ते दाराआड दबा धरून बसले आणि बेल वाजताच रेझर उगारून बाहेर झेपावले. समोरच्या शेजारीणबाई कचऱ्याची पिशवी तिथेच टाकून किंचाळत घरात पळाल्या.

हॉल हसून हसून खुर्च्यांतून घरंगळत होता. मी मात्र माझ्या लॅपटॉपवरचं ‘सगळं बंद’ हे खास बटण दाबतोय, दाबतोय, पण माझी आज्ञा हजारभर आज्ञांच्या मागे रांगेत उभी! शेवटी सासरेबुवांनाच फोन लावला.

"जावईबापू, नंतर बोला! इथे वीज वेडी झालीय!" कट.

तेवढ्यात हॉलमधल्या कुणाला तरी ती चौकट सापडली. स्टेशनवर गाड्यांची घोषणा करणाऱ्या बाईच्या आवाजात आमचा स्पीकर वदला, "आजोबा, डाव्या गालावर साबण राहिला आहे."

सासरेबुवा गर्रकन वळले. आधी गाल पुसला, मग गरजले, "कोण आहे रे तिकडे?"

मी घाईघाईने लिहायला घेतलं आणि एकच शब्द पुन्हा पुन्हा उमटला. स्पीकर म्हणाला, "बाबा, मी मी मी मी मी."

"शेळी?" सासरेबुवा म्हणाले.

मग कुणीतरी सगळा उलगडा करून लिहिला : परिषद, पडदा, कॅमेरा, बटणं. सासरेबुवांनी कपाटाकडे पाहिलं. टॉवेल अंगभर लपेटून घेतला. आणि थेट कॅमेऱ्यात ती नजर रोखली.

"फोन खाली ठेवा! हात वर! मला दिसत नाही असं समजू नका!"

काय सांगू! अख्ख्या हॉलने फोन मांडीवर ठेवून हात वर केले. साहेबांनी दोन्ही! बटणं दाबणारी बोटंच हवेत गेली आणि आमचा दिवा शांत झाला, पंखा संथ लयीत फिरू लागला, बेल गप्प झाली. जे माझ्या कोडला जमलं नाही, ते त्यांनी एका दमात केलं.

"आता एकेकाने बोला. जावईबापू, आधी तुम्ही. हे कशासाठी केलंत?"

मी अदबीने लिहिलं, "बाबा, घरात कुणी नसतानासुद्धा बाहेरून दिवा लावता येतो."

"घरात कुणी नसताना दिवा कशाला लावायचा?"

हॉल कोसळला! मी या विषयावर सहा महिने खपलो होतो, पण हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

पुढचा सगळा वेळ सासरेबुवांनीच घेतला. हॉलमधली मंडळी लिहून प्रश्न विचारत होती, ते सोफ्यावर ऐसपैस बसून उत्तरं देत होते. मध्येच त्यांनी एकाचं शुद्धलेखन सुधारलं. नुसत्या स्पीकरवरून ऱ्हस्व-दीर्घ कसं ओळखलं, देव जाणे! शेवटी सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. मीही वाजवल्या. खरंच सांगतो, इतका हसरा हॉल मी कधी पाहिला नव्हता.

साहेब डोळे पुसत आले. "टीम तुझी! फक्त काही अडलं तर घरी विचारत जा."

परवा आयोजक बाईंचा फोन आला. "पुढच्या वर्षी उद्घाटनाचं भाषण तुमच्याकडे द्यायचं ठरलंय."

"वा! विषय तयारच आहे माझा!" मी म्हणालो.

मग बाई चाचरत म्हणाल्या, "तसं नव्हे हो... जरा सासऱ्यांना फोन देता का?"

सासरेबुवांनी निमंत्रण स्वीकारलंय. मोठ्या मनाने मलाही सोबत नेणार आहेत. ‘बॅग धरायला कुणीतरी हवंच,’ म्हणाले!