भिकनमामांचं वीतभर कारंजं

वाहतं पाणी दिसलं की भिकनमामांचा हात आपोआप पुढे जातो आणि नळ बंद करतो. नळ कुणाचा, पाणी कशासाठी, समोरचा माणूस तोंडाला साबण लावून उभा आहे का, असले प्रश्न त्यांना पडत नाहीत. आमच्या समोरच्या घरात ते राहायला आले त्या दिवशी मी फाटकाजवळ घागर विसळत होते. एक अनोळखी गृहस्थ सरळ आत आले, त्यांनी नळ बंद केला, "वाया जातंय, ताई," म्हणाले आणि आल्या पावली परत गेले. स्वतःचं नाव सांगायचं राहिलं हे त्यांच्या लक्षात दुसऱ्या दिवशी आलं.

मामा तीस वर्षं लाईनमन होते. गारखेड्यातल्या आमच्या गल्लीला पाणी पाचव्या दिवशी येतं, तेही तासभर. लांबलचक लोखंडी चावीनं रस्त्यातला व्हॉल्व्ह फिरवून ते सोडणारा आणि वेळ संपली की तोडणारा माणूस म्हणजे लाईनमन. सोडताना त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं, तोडल्यावर मात्र सगळी गल्ली त्याचा उद्धार करते. मामा मूळचे पिशोरचे. जन्मसाल विचारलं की म्हणतात, "पोलीस ॲक्शन झाली ना, त्याच साली." म्हणजे अठ्ठेचाळीस. नोकरीतून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, बायको जाऊन सहा. पण "टैम झाला" हे दोन शब्द काही निवृत्त झाले नाहीत.

चहाला बसले की दहाव्या मिनिटाला "टैम झाला" म्हणून उठणार. गल्लीतल्या एका लग्नात हे हात धुवायच्या नळांपाशी जाऊन उभे राहिले आणि नवरदेवाच्या काकांना आमटीचे हात घेऊन फोटोला जावं लागलं. पुण्याहून मुलीचा, मंदाचा, दर रविवारी संध्याकाळी फोन येतो. मामा ओट्यावर बसून गल्लीला ऐकू जाईल असं बोलतात. "जेवलीस? बरं. लेकरं? बरं. पाणी आलतं का? बरं. ठिवतो, टैम झाला." दीड मिनिटात फोन बंद. ती काहीतरी सांगायच्या बेतात असावी, असं मला समोरच्या घरातूनसुद्धा वाटायचं आणि मामांचा रागही यायचा.

अशा माणसाकडे माझ्या सात वर्षांच्या सोनूनं कारंजं मागितलं.

सोनूची बाग म्हणजे जिन्याच्या पायथ्याशी विटांनी आखलेला पाटाएवढा तुकडा. त्यात दोन झेंडू, एक टोमॅटो आणि आपोआप उगवलेलं एक रोप, ज्याचं नाव तिनं राजा ठेवलं होतं. शाळेची सहल पाणचक्कीला गेली, तिथलं पडतं पाणी आणि कारंजी बघून ही आली आणि म्हणाली, "वाढदिवसाला मला असं पाणी पाहिजे, राजाच्या शेजारी."

मी नाही म्हणाले. मी मुळातच घाबरट, त्यात ही गल्ली. कोपऱ्यावरच्या पाटलांनी एकदा नळी लावून स्कूटर धुतली, तर महिनाभर कुणी त्यांच्याशी बोललं नव्हतं. तिथं माझ्या दारात कारंजं उडायला लागलं तर आम्हाला घर बदलावं लागलं असतं.

सोनू समोर मामांकडे गेली. "आबा, तुम्हाला पाणी सोडता येतं ना?"

मामांना आयुष्यभर लोकांनी एवढंच विचारलं होतं की बंद का केलं. "येतं की," म्हणाले, आणि त्या दिवसापासून दोन्ही घरांची झोप उडाली.

"मोटर नाय, नळ नाय, ताई. डोंगरातनं शहरात पाणी आणणाऱ्या आपल्या जुन्या नहरीचा कायदा. पाणी वरून निघालं की खालून उसळतंच." जिन्याच्या सातव्या पायरीवर तोटी बसवलेली बादली. तिच्यात तांदूळ आणि भाजी धुतलेलं पाणी, फडक्यानं गाळून. तोटीपासून बारीक नळी खाली बागेत, नळीच्या टोकाला बॉलपेनचं टोक. खाली जमिनीत पुरलेलं घमेलं, आणि त्यातून उतू जाणारं पाणी झेंडूला. "थेंब वाया नाय. गल्लीला सांगा खुशाल."

मग सकाळी सहाला फाटक वाजायला लागलं. "ताई, नळीत हवा धरली तर?" दुसऱ्या दिवशी, "डास झाले तर?" तिसऱ्या दिवशी, "लेकरू घमेल्यात पडलं तर?" घमेलं टोपलीएवढं, सोनू त्यात मावणारही नाही. तरी मामांनी त्यात गोटे भरले. रात्री विचार करून सकाळी आणखी भरले. शेवटी बोटाचं पेर बुडेल एवढंच पाणी उरलं तेव्हा त्यांनी जरा श्वास सोडला.

खरी पंचाईत पुढेच होती. मामांनी तोटी सोडली, पाणी उसळलं, आणि सोनू घरातून धावत येईपर्यंत मामांनी तोटी बंदही केली.

"आलतं, बाळा. तुझ्या आईला इचार."

"मला दिसलंच नाही!"

पुन्हा सोडलं, पुन्हा हात गेला. आठवडाभर हाच खेळ. सोनू मैत्रिणींना सांगायला लागली, "आमच्याकडे कारंजं आहे, पण ते कुणाला दिसत नाही."

वाढदिवस रविवारी होता आणि पाच मुली कारंजं बघायला येणार होत्या. त्यांच्या देखत मामांनी तोटी बंद केली तर पोरीचं तोंड केवढंसं होईल, याची मला धास्ती होती. मी काही बोलायच्या आधी मामाच म्हणाले, "ताई, मला बी लई भ्या वाटतंय. हात ऐकत नाय माझा."

रविवारी ते इस्त्रीचा सदरा घालून आले आणि सातव्या पायरीवर बादलीशेजारी बसले. खाली मुली उकिडव्या बसल्या. फाटकाबाहेर गल्ली जमली होती, हातात काही नाही, पण नजर कडक. मामांनी तोटी फिरवली.

काही आलं नाही.

मुली घमेल्याकडे बघतायत, गल्ली माझ्याकडे बघतेय, मी मामांकडे. ते खाली आले, बॉलपेनचं टोक काढलं, उन्हात धरलं. आत तांदळाचा एक दाणा अडकला होता. फडक्याच्या भोकातून निसटलेला. गाळणं माझं होतं, मी दुसरीकडे बघायला लागले. मामांनी फुंकर मारून दाणा उडवला, टोक बसवलं आणि वर जाऊन पुन्हा तोटी सोडली.

पाणी वर आलं. वीतभर, थोडं तिरकं, राजाच्या पानांवर थेंब उडवत. मुली किंचाळल्या. शेजारच्या खानभाभी "अरे, पानी जा रहा है!" म्हणत आत धावल्या आणि पाण्याखाली लावायला बादली घेऊन आल्या. बादली टेकवल्यावर खाली घमेलं आहेच हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्या तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मग पाटील हसले, मग सगळी गल्ली हसली.

तेवढ्यात मला वर मामांचा हात तोटीकडे जाताना दिसला. सोनूलाही दिसला. ती केकची बशी घेऊन धडाधडा जिना चढली. बशी तिनं त्यांच्या उजव्या हातात दिली, डावा हात स्वतःच्या दोन्ही हातांनी धरला.

"आबा, खाली चला. इथून कसं दिसेल?"

दोन्ही हात असे गुंतलेले मामा खाली आले आणि पहिल्या पायरीवर बसले. बराच वेळ नुसते बघत राहिले. केक खायचंही सुचलं नाही.

"ताई," ते हळूच म्हणाले, "तीस वर्षं पाणी सोडलं म्या. चावी फिरवली की निघालो म्होरल्या गल्लीला. लोकाच्या दारात पाणी येतं कसं, त्ये बघायला कव्हा थांबलोच नाय."

बादली संपत आली तसं कारंजं खाली बसायला लागलं. मामा उठले. आता हे "टैम झाला" म्हणणार, असं मला वाटलं. ते रस्ता ओलांडून घरी गेले आणि स्वतःच्या साठवणीतली, पाच दिवस पुरवायची, स्वच्छ पाण्याची भरलेली बादली घेऊन आले. जिना चढून त्यांनी ती ओतली. कारंजं पुन्हा वीतभर झालं.

मुली केक खायला आत गेल्या तेव्हा मामांचा फोन वाजला. रविवारची संध्याकाळ, मंदाच असणार.

"नाय, जेवलो नाय अजून. थांब, हे आईक." त्यांनी फोन घमेल्याजवळ धरला. मग परत कानाला लावला. "नळ नाय गं. कारंजं हाय, लेकराच्या बागेतलं. तू ल्हान होतीस तव्हा म्हणायचीस ना, बापू, आपल्या घरी पाणी येतं तव्हा बघायला या, म्या नळाखाली बसते? म्या कव्हा आलोच नाय." त्यांनी कारंज्याकडे पाहिलं. "आज बसलोय. बघतोय."

मी दारात उभी राहून त्या दोन शब्दांची वाट बघत होते.

मामांनी फोन दुसऱ्या कानाला घेतला, पायरीवर पाय पसरले आणि म्हणाले, "बोल मंदे. बोल तू, म्या ऐकतोय."