गोलरेषा आणि पेत्राकाकूंच्या टर्की

सरळ रेषा कशी काढावी हे ओखोसेको गावात फक्त मला विचारायचं. मी आयुष्यभर इथल्या शाळेत गणित शिकवलं. फळ्यावर पट्टीशिवाय अशी रेघ ओढायचो की पोरं मागाहून पट्टी लावून तपासायची आणि पट्टीच वाकडी आहे असं ठरवायची. त्यामुळे हंगामाच्या शेवटच्या सामन्याच्या आदल्या दिवशी मैदानाचा माळी क्रिसोफोरो मेहुण्याच्या लग्नाला निघून गेला, तेव्हा मी उबाल्दोशेठना शांतपणे म्हणालो, "रेषा मी आखतो. पंच बघतच राहील."

पंच खरंच बघत राहिला. पण आधी आमच्या संघाविषयी सांगतो.

संघाचं नाव 'ओखोसेकोचे सिंह'. गावात कोणी सिंह पाहिलेला नाही, आणि या संघाचा खेळ पाहून सिंह कसा असेल याची कल्पना करायची वेळ कुठल्याही लेकरावर येऊ नये. आम्ही खेळतो त्याला म्हणतात तिसरा विभाग. देशात त्याच्या वर तीन विभाग आहेत, म्हणजे हा चौथा झाला. पण फुटबॉलच्या साहेबांना मोजता येत नाही, त्याला मी काय करणार? एक गोष्ट मात्र मान्य करतो. आमच्या गावची पोरं ऋण संख्या इतरांच्या आधी शिकतात. सिंहांचा गोलफरक फळ्यावर लिहिला की धडा संपला.

तरीही रविवारी सगळं गाव मैदानावर. कोण शेंगदाणे विकतंय, कोण ढोल बडवतंय, कोण माझ्याच जुन्या विद्यार्थ्यांना शिव्या घालतंय. हसायला का होईना, गाव एकत्र बसायचं. दुसरं होतं काय आमच्याकडे?

आणि तेच जाणार होतं. आमच्या देशात संघ म्हणजे दारातलं गाढव. मालकाच्या मनात आलं की दुसऱ्या गावाला विकतो. सकाळी उठून बघावं तर दावं रिकामं. सिंहांचे मालक उबाल्दोशेठ. तॉर्तियाची, म्हणजे मक्याच्या पातळ भाकरीची, गावातली एकुलती एक गिरणी त्यांचीच, त्यामुळे त्यांना आपण गावाचे अन्नदाते आहोत असं वाटतं. त्यांनी जाहीर केलं होतं, "पहिल्या आठांत आलात तर ठीक. नाहीतर मंगळवारी किनाऱ्यावरचं गिऱ्हाईक येतंय. संघ देऊन टाकतो, नावासकट."

आम्ही नववे होतो. आठवे व्हायला दोन गुण हवे होते. जिंकलं तर तीन मिळतात, पण जिंकण्यासाठी गोल करावा लागतो, तेव्हा तो विषयच सोडा. आमच्या विभागात बरोबरी झाली की दोघांना एकेक गुण, आणि लगेच पेनल्टी मारून जो जिंकेल त्याला आणखी एक. म्हणजे आमची आशा एवढीच: काही न करता बरोबरी, आणि मग देवाची कृपा.

आता रेषांकडे या. मैदानाच्या रेषा चुन्याच्या, आणि चुना शेठच्या गिरणीतून, कारण तॉर्तियाचा मका चुन्याच्या पाण्यातच शिजवून भिजवतात. गिरणीवर हातभर अक्षरांत पाटी आहे: 'अस्सल भिजवलेला मका. तयार पीठ येथे वापरले जात नाही.' शेठनी मला गिरणीची किल्ली दिली. आत दारापाशी चुन्याचं उघडं, अर्धं पोतं होतं. मी पडलो शिस्तीचा माणूस. उघड्या मालाला हात लावत नाही. मागे ताडपत्रीखाली एक बंद पोतं दिसलं. फोडलं. पांढरी पूड. पीठ न वापरणाऱ्या गिरणीत पांढरी पूड म्हणजे चुनाच. हे गणित पहिलीतलं पोरही सोडवेल. किंचित पिवळसर वाटली, पण तो दोष मी माझ्या चष्म्याला दिला.

रेषा काय आखल्या सांगू! काटकोन बघून क्रिसोफोरोनं नोकरी सोडली असती.

रविवारी पाहुणे आले: 'विंचू' नावाचा संघ आणि त्यांचा प्रशिक्षक बाउतिस्ता, सगळ्या जगावर रुसल्यासारख्या तोंडाचा. सामना सुरू झाला. सिंह आपल्या अर्ध्या भागात मेंढरांसारखे गोळा होऊन उभे राहिले. सगळं योजनेप्रमाणे चाललं होतं. तेवढ्यात कुंपणाच्या भोकातून पेत्राकाकूंच्या टर्की आत आल्या.

पेत्राकाकू म्हणजे मैदानाला लागून राहणारी विधवा बाई. मुलीच्या लग्नात मोलेच्या रश्श्यात घालायला त्यांनी हा कळप पोसला होता. टर्की आमच्या गोलपाशी रांगेत उभ्या राहिल्या आणि रेषा खाऊ लागल्या. अगदी मन लावून, डावीकडून उजवीकडे, वाचल्यासारख्या.

पोरांनी हाकलल्या, त्या परत आल्या. मध्यंतराला पेत्राकाकूंनी मला कुंपणापाशी बोलावलं.

"मास्तर, माझ्या पाखरांना काय खायला घातलंत?"

"चुना आहे तो, काकू. तुमच्याच टर्कींना अक्कल नाही."

काकूंनी वाकून चिमूट उचलली आणि जिभेवर ठेवली. "मक्याचं पीठ आहे हे. दुकानातलं, आणि तेही जुनं." मग त्यांनी गिरणीच्या पाटीकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे. "म्हणजे इतकी वर्षं हा मेला आम्हाला..."

मी पुढचं ऐकायला थांबलो नाही. शेठच्या खुर्चीपाशी गेलो.

"शेठ, एक घोटाळा झालाय. मागच्या पोत्यातलं..."

शेठचा चेहरा उतरला. "मागे पोतं नाही."

"अहो, ताडपत्रीखाली..."

"ताडपत्रीही नाही. मागे काही म्हणजे काही नाही. मास्तर, कोणी विचारलं तर रेषा कशाच्या?"

"चुन्याच्या."

"हुशार आहात. आता जा इथून."

लोकांना चुना लावणारे पुष्कळ पाहिले. चुन्याची पाटी लावून पीठ खपवणारा मात्र हाच. पण वाद घालायला वेळ नव्हता. मी गिरणीत धावलो, दाराजवळचं अर्धं पोतं उचललं आणि आमची गोलरेषा नव्यानं आखायला घेतली. खऱ्या चुन्यानं. ती अर्धी होते न होते तोच शिट्टी वाजली आणि पंचानं मला बाहेर काढलं. उरलेली अर्धी पिठाचीच राहिली, आणि टर्की कुंपणापाशी वाट बघत होत्या.

सामना संपता संपता विंचवांनी एक फटका मारला. आमचा गोलरक्षक निकानोर चेंडूवर असा पडला, जसा भिंतीवरून भोपळा पडावा. चेंडू त्याच्या पोटाखाली. पण रेषेच्या आत की बाहेर? पंच धावत आला आणि जमिनीकडे बघत राहिला. रेषा अर्ध्या गोलापर्यंत होती. तिथून पुढे फक्त टर्कींचे पाय उमटलेले.

"गोल आहे," बाउतिस्ता म्हणाला.

"रेषा दाखव, मग गोल माग," निकानोर पालथ्या पडल्या पडल्याच म्हणाला.

"रेषा तुमच्या कोंबड्यांनी खाल्ली. कुठल्या देशात रेषा खातात? पंचसाहेब, हे पीठ आहे."

पंच शांत माणूस होता. या विभागात वेडे फार दिवस टिकत नाहीत. तो म्हणाला, "नियम साधा आहे. चुन्याची रेषा पायांनी पुसली असेल, तर मला गोल दिसला नाही, खेळ चालू. यजमानांनी खायच्या मालानं रेषा आखली असेल, तर सामना पाहुण्यांना. बोला, काय आहे?"

"चुना," उबाल्दोशेठ म्हणाले. ते खुर्ची सोडून आत आले होते. "माझ्या गिरणीतला, शुद्ध."

"मग टर्की का खात होत्या?" पंचानं विचारलं.

"आमच्याकडच्या टर्की चुना खातात."

इतकं मोठं खोटं बोलायला छाती लागते, आणि शेठची छाती पोटापर्यंत आलेली आहे.

बाउतिस्ता हसला. "मग शेठ, एक चिमूट तुम्ही खाऊन दाखवा. चुना असेल तर जीभ सांगेल."

शेठच्या डोळ्यांत मला चमक दिसली. हा माणूस माझाच जुना विद्यार्थी; वर्गातही पकडला गेला की असाच चमकायचा. त्यांना वाटलं, पीठ तर आहे. खायचं आणि जीभ भाजल्याचं नाटक करायचं. ते उरलेल्या रेषेपाशी गुडघ्यावर बसले.

आता विचार करा. जी रेषा टर्कींनी खाल्ली नाही, ती का खाल्ली नाही?

"शेठ," मी पुढे झालो, "तिथलं नको..."

"मास्तर, तुम्ही गप्प बसा."

"अहो, ऐका तरी, ती मी मध्यंतराला..."

"एक शब्द बोललात तर बघा." आणि चिमूट नाही, मूठभर उचलून त्यांनी तोंडात घातली. लोकांकडे वळले आणि आधी तयार ठेवलेला वेदनेचा चेहरा केला. छान जमला होता. मग दुसरा चेहरा आला. तो तयार केलेला नव्हता.

त्यानंतर अन्नदात्यांनी जे केलं ते मुलांसमोर सांगण्यासारखं नाही. शेवटी ते पाण्याच्या पिंपात डोकं घालून बसले. मी बादल्या ओतत होतो आणि त्यांना पाणी गिळू नका, थुंका, असं समजावत होतो. शाळेतही दोनदा सांगितल्याशिवाय त्यांना काही कळायचं नाही.

"चुना आहे," पंच म्हणाला. "गोल नाही. खेळ चालू."

बरोबरी झाली! ढोल वाजले. दोन गुणांमधला एक हातात आला होता, आणि आता उरली देवाची कृपा. देव त्या दिवशी दुसऱ्या गावाला गेला असावा. शेवटची पेनल्टी आमच्या कर्णधारानं, एलीसेओनं मारली. कोन शिकवताना हा पोरगा नेहमी खिडकीबाहेर बघायचा. चेंडू गोलावरून, भिंतीवरून, थेट कब्रस्तानात गेला. तिथून कोणी परत दिला नाही.

आम्ही नववेच राहिलो. गाव मुकाट्यानं घरी गेलं.

दुसऱ्या दिवशी मी चूक कबूल करायला गिरणीत गेलो. शेठ सुजलेलं तोंड घेऊन बसले होते. बोलता येत नव्हतं, पण खुणेनं मला दोन गोष्टी कळल्या: उद्या गिऱ्हाईक येणार, आणि मी परत इथे दिसायचं नाही.

तेवढ्यात पेत्राकाकू आल्या. मागे गावातल्या अर्ध्या बायका. काकूंच्या हातात फडक्यात गुंडाळलेल्या गरम तॉर्तिया.

"शेठ, बरं वाटतंय का? तुम्हाला मऊ काहीतरी आणलंय." त्यांनी फडकं उलगडलं. "मास्तर माझ्या कुंपणापाशी एक पोतं विसरले होते. तुमच्या चुन्याचं. त्याच्या तॉर्तिया केल्यात. फुगल्या बघा कशा."

शेठनी तॉर्तियांकडे बघितलं, मग बायकांकडे.

"आम्ही आपल्या साध्या बायका," काकू म्हणाल्या. "तुम्ही चुना म्हणालात, आम्हीही चुनाच म्हणू. जन्मभर म्हणू. फक्त रविवारी आम्हाला बसायला जागा हवी, आणि समोर ती अकरा गाढवं हवीत. संघ गेला, तर मात्र आमचं तोंड कोण धरणार? पाटी मोठी आहे तुमची. उतरवायला माणसं लागतील."

शेठनी मान हलवली. आडवी नाही, उभी.

किनाऱ्यावरचं गिऱ्हाईक आलं तसं परत गेलं. सिंह अजून इथेच आहेत, आणि अजून नववेच आहेत. जे काम अख्ख्या हंगामात सिंहांना जमलं नाही, ते टर्कींनी एका दुपारी केलं. त्यातल्या निम्म्या तर लग्नात वाढल्यासुद्धा गेल्या.

सौद्याचा भार तेवढा माझ्यावर पडला. संध्याकाळी पोरं अंगणात शिकायला येतात, तेव्हा एखादं चुणचुणीत पोर हमखास विचारतं, "मास्तर, टर्की खरंच चुना खातात?"

मी घसा खाकरतो, फळ्याकडे वळतो आणि सांगतो, "इतरत्र नाही. आपल्याकडे खातात. लिहून घ्या."