चेन बघा, साहेब

माझ्या नजरेतून चूक सुटत नाही. आमच्या छापखान्यात कुणालाही विचारा. मी मुद्रितशोधक आहे. छापायला जाणारा प्रत्येक मजकूर आधी माझ्या टेबलावरून जातो आणि त्यातल्या वेलांट्या नि अनुस्वार मी असे काही पकडतो की लिहिणारे माझं नाव काढलं तरी वैतागतात. एका शब्दाचे दोन अर्थ निघत असतील तर तो कागद मी सरळ परत पाठवतो. वाचणाऱ्याचा घोटाळा होता कामा नये, एवढंच माझं म्हणणं असतं. हे आधीच सांगून ठेवतोय, कारण पुढचं ऐकून तुमचं माझ्याविषयी भलतंच मत होण्याची शक्यता आहे.

तर झालं असं, की डॉक्टरांनी माझं पोट दोन्ही हातांनी दाबून बघितलं आणि सायकल चालवा म्हणून सांगितलं. बायकोने लगेच अट घातली, रहदारीत अजिबात नाही. आता शहरात रहदारी नसलेली जागा म्हणजे आमची गच्ची. पण शहराबाहेर तळ्याच्या काठाने राखीव जंगल आहे आणि त्यातून वळसे घेत जाणारा एक गुळगुळीत डांबरी रस्ता आहे. त्यावर गाड्यांना पूर्ण बंदी. फक्त सायकली, फिरायला येणारी माणसं आणि सावकाश रस्ता ओलांडणारी बदकं.

"तिथे काय होणार आहे?" मी म्हणालो. "गाडी नाही, सिग्नल नाही, हॉर्न नाही. डोळे मिटून चालवली तरी चालेल."

"डोळे उघडेच ठेवा," बायको म्हणाली. "आणि बाबांची चेन काढून ठेवा. जंगलात पडली तर शोधायची कुठे?"

बाबांची चेन म्हणजे माझ्या सासऱ्यांची सोन्याची चेन. शेवटच्या आजारपणात त्यांनी ती स्वतःच्या गळ्यातून काढून माझ्या गळ्यात घातली होती. मुलाला सोडून जावयाला दिली, हे माझ्या मेहुण्याने अजून मनातून काढलेलं नाही. बायकोकडे वडिलांची म्हणावी अशी ती एकच वस्तू उरली आहे. ती तसं बोलून दाखवत नाही, पण मी आंघोळीला जाताना चेन कुठे काढून ठेवतो याकडे तिचं बारीक लक्ष असतं.

"काढतो," असं म्हणून मी आरशासमोर उभा राहिलो आणि मानेमागचा हुक खरोखर काढला. तेवढ्यात स्वयंपाकघरात दूध उतू गेलं. अंगात शर्ट आणि कमरेला टॉवेल, तसाच मी धावलो, गॅस बंद केला, ओटा पुसला. परत येऊन नवी हाफपँट ओढूनताणून चढवली, पोट आत घेऊन बटण लावलं, हेल्मेट घातलं आणि रहदारी सुरू होण्याआधी, पहाटेच निघालो. आरशात पुन्हा बघायचं राहून गेलं.

जंगलाच्या फाटकावर पहारेकरी होता. त्याने सायकल बघितली, मग मला बघितलं, आणि जवळ येऊन हळूच म्हणाला, "साहेब, चेन बघा जरा."

मला त्याचं कौतुक वाटलं. "नवीन आहे," मी सांगितलं. "कालच तेल घातलंय."

 त्याने आडवा दांडा वर केला आणि दुसरीकडे बघत राहिला.

आत काय सुख होतं म्हणून सांगू! दोन्ही बाजूंना उंच झाडं, मधूनमधून चमकणारं तळं आणि रस्त्यावर माझ्या चाकांचा तेवढा आवाज. थोडं पुढे गेल्यावर पांढरे बूट घातलेल्या एक बाई समोरून चालत आल्या. शाळेत शिकवून निवृत्त झाल्या असाव्यात, कारण हाक मारायची पद्धत तशीच होती. "अहो, तुमची चेन," त्या म्हणाल्या आणि एकदम तळ्याकडे तोंड फिरवून उभ्या राहिल्या.

"का हो बाई? आवाज करतेय का?"

"आवाज?" बाई म्हणाल्या आणि जवळजवळ पळतच निघून गेल्या.

मग पिवळे टी-शर्ट घातलेले दोन सायकलवाले मागून आले. पुढे जाताजाता दोघांनीही मान वळवली. "काका, चेन!" असं ओरडून त्यांनी खालच्या बाजूला बोट दाखवलं. मी अंगठा वर केला. मला खरंच भरून आलं. शहरात तुमचं चाक निखळून पडलं तरी कुणी सांगायला थांबत नाही, आणि इथे अनोळखी माणसं एकमेकांच्या चेनची एवढी काळजी घेतात!

आणि उतारावर चेन पडली. मी गिअर बदलायला गेलो, खडखड झालं, आणि पेडल मोकळंच फिरायला लागलं. तेव्हा मला वाटलं, सगळ्यांना ती सैल दिसत होती, मलाच तेवढी दिसली नाही. खाली बसून ओढली, ढकलली, हात कोपरापर्यंत काळे केले, पण ती दात्यांवर बसायला तयार नाही. शेवटी बायकोला फोन लावला. झाडांमुळे आवाज धड येत नव्हता आणि बॅटरी संपत आली होती.

"अगं, चेन गेली," मी म्हणालो.

"काय गेली?"

"चेन! उतारावर. खूप ओढली मी, पण..."

"कुणी ओढली?"

"मागून दोघं सायकलवर आले होते. पिवळे टी-शर्ट. ओरडले आणि निघून गेले."

"अहो, तुम्हाला लागलं का?"

"लागलं नाही, पण हात बघ माझे..." आणि फोन बंद पडला.

मी सायकल ढकलत परत फिरलो. चढ होता, ऊन वर आलं होतं, मधल्या एका दगडावर मी बराच वेळ टेकलो होतो. फाटकापाशी पोचलो तर तिथे चक्क कोंडी झालेली. ज्या रस्त्यावर एकही गाडी येत नाही त्या रस्त्यावर सायकलींची आणि फिरायला आलेल्यांची लांबच लांब रांग लागली होती, आणि रांगेच्या तोंडाशी गणवेश घालून, शिट्टी तोंडात धरून माझा मेहुणा उभा होता.

मेहुणा वाहतूक पोलिसात आहे. बायकोने त्याला चौकातून तसाच उचलून गाडीतून आणलं होतं. या रस्त्यावर त्याचा काही अधिकार नव्हता, पण रस्ता दिसला की त्याचा हात आपोआप आडवा होतो. पिवळे टी-शर्टवाले दोघं त्याने बाजूला काढून ठेवले होते. त्यातला एक सारखा म्हणत होता, "अहो, आम्ही फक्त सांगितलं त्यांना!"

बायको धावत माझ्याकडे आली. तिचे डोळे लाल झाले होते. "तुम्हाला काही केलं नाही ना त्यांनी?"

"मला कोण काय करणार? चेन बसत नाहीये, एवढंच."

"बसत नाही म्हणजे?" तिने माझे काळे हात बघितले. "अहो, बाबांची होती हो ती."

"बाबांची कशी असेल? दुकानातून सायकलबरोबरच आली."

तिची नजर माझ्या गळ्यावर गेली.  मग माझा हात गळ्याकडे गेला. गळ्यात काही नव्हतं.

"काढून ठेवली होतीत ना तुम्ही?" तिने विचारलं.

"हुक काढला होता."

"आणि चेन?"

"चेन..." मी आठवून बघितलं. "दूध उतू गेलं."

 हुक काढलेली चेन गळ्यात ठेवून मी गॅस बंद करायला धावलो होतो, आणि तशीच अख्ख्या जंगलाला फिरवून आणली होती. आता ती त्या गवतात, त्या तळ्यात, कुठल्या तरी बदकाच्या पायाखाली असणार. बायको भांडली असती तर बरं झालं असतं. ती वळणापलीकडे जाणाऱ्या त्या लांब रस्त्याकडे नुसती बघत उभी राहिली, आणि मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

मेहुणा मात्र सोडणाऱ्यातला नव्हता. त्याने रांगेकडे वळून विचारलं, "यांची चेन कुणी बघितली का?"

आणि काय सांगू तुम्हाला, निम्म्या रांगेने हात वर केले.

"मी बघितली," पहारेकरी म्हणाला. "आत जातानाच. मी सांगितलंसुद्धा साहेबांना."

"मीही सांगितलं," पांढऱ्या बुटांच्या बाई म्हणाल्या. "तर मलाच विचारतात, आवाज करतेय का."

मेहुण्याने माझ्याकडे बघितलं. "भावोजी, सोन्याची चेन आवाज करते का?"

"मी सायकलच्या चेनबद्दल बोलत होतो."

"सायकलची कशाला? आम्ही सायकलकडे बघितलंच नाही," पिवळा टी-शर्ट म्हणाला.

"बरोबर आहे," मेहुणा म्हणाला. "तुमचं लक्ष सोन्यावर. बाई, तुम्हाला दिसली तेव्हा चेन नेमकी कुठे होती?"

बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. "जिथे असते तिथेच. पण उघडी होती."

"उघडी म्हणजे शर्टाच्या बाहेर?"

"शर्टाच्या खाली."

"शर्टाच्या खाली होती, मग तुम्हाला दिसली कशी?"

"शर्ट वर सरकला होता," बाई तळ्याकडे बघत म्हणाल्या. "काहीतरी चमकत होतं. पण तिकडे निरखून बघणं मला बरं दिसलं नसतं."

"चमकत होतं!" मेहुणा माझ्याकडे वळला. "भावोजी, चेन तुम्ही नक्की गळ्यातच घालता ना?"

माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. कुणाला कुठली चेन दिसली, कुठली हरवली आणि कुठली पडली, काही समजेना. प्रत्येकजण खरं बोलत होता आणि एकाचाही दुसऱ्याशी मेळ बसत नव्हता. छापखान्यात असा मजकूर आला असता तर मी लाल पेनाने आडवी रेघ मारून परत पाठवला असता.

शेवटी बाईंना राहवलं नाही. त्यांनी बायकोला बाजूला घेतलं आणि तिच्या कानात काहीतरी सांगितलं. बायकोने वळून माझ्याकडे बघितलं. चेहऱ्याकडे नाही, गळ्याकडेही नाही.

"अहो," ती दबक्या आवाजात म्हणाली, "तुमची चेन."

"तीच तर शोधतोय आपण."

"ती नव्हे हो. पँटची."

मी खाली बघितलं. पहाटे घरातून निघाल्यापासून आत्तापर्यंत, पहारेकऱ्यासमोर, बाईंसमोर, सगळ्या जंगलासमोर माझ्या नव्या हाफपँटची चेन उघडी होती. मी पाठ फिरवली आणि घाईघाईने वर ओढली. ती हलेना. पुन्हा ओढली. मध्येच काहीतरी अडकलं होतं. वाकून बघितलं तर दात्यांमध्ये पिवळं, बारीक, चांगलं ओळखीचं काहीतरी चमकत होतं.

"अगं," मी म्हणालो.  हुक सुटलेली चेन शर्टातून घसरत खाली आली होती आणि पँट चढवताना बरोबर तिथे अडकून बसली होती. सासऱ्यांची चेन कुठेही गेली नव्हती. पँटच्या चेनने तिला धरून ठेवलं होतं, म्हणून ती राहिली.

"सापडली?" मेहुण्याने विचारलं.

"सापडली."

"कुठे?"

"चेनमध्ये," बायको म्हणाली, आणि मग तिला हसू फुटलं. हसताहसता तिला रडूही आलं, आणि माझ्या तेलकट हाताला धरून ती बराच वेळ तशीच उभी राहिली. मेहुण्याने टोपी काढून घाम पुसला. "बाबांनी मला दिली असती तर," एवढंच म्हणून त्याने शिट्टी फुंकली आणि रांग सोडली. जाताना प्रत्येक सायकलवाल्याने माझं अभिनंदन केलं. मी ते हेल्मेट पोटाखाली धरून स्वीकारलं.

"ओढू नका, तुटेल," बायकोने गाडीत चारदा बजावलं. घरी येऊन तिने सुई घेऊन एकेक दाता सोडवला. तेवढा वेळ मी पँटमध्येच होतो आणि मला श्वासही जपून घ्यायला सांगितलं होतं. बाबांची चेन आता तिच्या गळ्यात असते. सायकलची चेन पहारेकऱ्याने दोन मिनिटांत बसवून दिली. पँट मी पुन्हा घातलेली नाही.

परवा जंगलाच्या कार्यालयातून आमच्या छापखान्यात एका नव्या पाटीचा मजकूर छापायला आला. फाटकावर लावायचीय म्हणे. "आत जाण्यापूर्वी प्रत्येकाने आपली चेन तपासून घ्यावी." शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. 'चेन' या शब्दाखाली पेन्सिल टेकवून मी बराच वेळ बसलो. नियमाप्रमाणे कागद परत पाठवायला हवा होता, कारण अर्थ एकापेक्षा जास्त निघत होते. पण मग मला समजावून सांगावं लागलं असतं, की कुठले. मी मुकाट्याने सही केली.