काट्याला टांगलेलं गणित

पोरीला इंजिनिअर करायचं असंल तर अकरावीला विषय कोणते घ्यावेत, हा सवाल इतका गंभीर आहे, की तो पोरीला विचारायची पद्धत आपल्याकडं न्हाई.

कळमनुरीकडल्या गोरेगावच्या शिवहारनं ही पद्धत बराबर पाळली. त्याच्या सुकन्याला दहावीला ब्याण्णव टक्के पडले होते, अन् शिवारातल्या चार पाणबुडी मोटारींचे स्टार्टर तिनं आपल्या हातानं दुरुस्त केले होते. (यावरून तिला काही कळतं, असं सिद्ध होत न्हाई.) फॉर्म शनिवारी पाचला बंद, एकदा भरला की बदल न्हाई. सबब, शिवहारनं चहाच्या हॉटेलात विषय निवड समिती बसवली.

समितीचं बळ: सदस्य सहा. अकरावीत गेलेले, एक. अकरावीतून पास होऊन बाहेर आलेले, चौकशी चालू आहे. अध्यक्ष जळबा दहावीला तीनदा बसलेला, म्हणजे अनुभव इतरांच्या तिप्पट. तज्ज्ञ सदस्य रामकिशन. त्याच्या साडूचा पुतण्या पुण्यात इंजिनिअर आहे (सध्या मोबाईलचे कव्हर विकून राहिला, पण डिग्री खोलीवर आहे).

"गणित काढून टाका," जळबा म्हणाला. "माझं वाटोळं त्यानंच केलं."

"अन् इंजिनिअर कसं व्हावं मग?" शिवहारनं विचारलं.

"गणित आता मोबाईल करतो," रामकिशन म्हणाला. "तुमी टक्के पाहा, टक्के!"

ठराव एकमतानं पास झाला. पण शिवहार ऐकीव गोष्टीवर जाणारा माणूस न्हाई. कळमनुरीच्या बाजारात वीस वर्षं शेळ्या घेतल्या, पण उचलून पाहिल्याबिगर कधी दावं हातात धरलं न्हाई. त्यानं मास्तरकडून पुस्तकं आणली अन् बकरं तोलायच्या काट्याला एकेक करून टांगली. निकाल असा: जीवशास्त्र, अंगानं भरलेलं, रंगानं उजळ. रसायन, मध्यम. भौतिक, चालंल. गणित भाग एक, मरतुकडं. गणित भाग दोन, त्याहून मरतुकडं.

"सुकन्ये, गणित कटाप," त्यानं जाहीर केलं. "दोन्ही पिल्लं नुसती हाडं. जीवशास्त्र घे, गुटगुटीत हाय."

सुकन्यानं दोन दिवस समजावून पाहिलं. गणिताबिगर इंजिनिअरिंगच्या दारात उभं करत न्हाईत, हेही सांगितलं. (समितीनं माहिती दप्तरी दाखल केली.)

शनिवारी साडेचारला ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात ती म्हणाली, "आबा, एकच सांगा. एक पिल्लू देणारी शेळी महाग, का जुळं देणारी?"

"येडी हायेस का? जुळं देणारी."

"मग जीवशास्त्राला पिल्लू एक. गणिताला दोन. अन् तुमी जुळं वेगवेगळं काहून तोललं?"

शिवहारच्या कपाळाला घाम आला. वीस वर्षांत येवढी मोठी चूक त्याच्या हातून झाली न्हवती. बाजारात कळलं असतं तर तोंड दाखवायची सोय न्हवती.

"भर गणित," तो दुकानदाराला हळूच म्हणाला. "अन् हे जळबाला सांगू नको."

चार बावन्नला फॉर्म गेला. सोमवारी समितीनं नोंद घेतली, की अध्यक्षांचा कल सुरुवातीपासूनच गणिताकडं होता.

तुमी हसून राहिलात. हसा. फक्त येवढं सांगा, तुमच्या लेकराचे विषय तुमी कोणाच्या लेकराकडं पाहून ठरवले? शिवहारनं निदान काटा तरी आणला होता.